चोळणारे डॉक्टर आणि ताईचा हात

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचं निम्मं आयुष्य दवाखान्याबाहेरच्या बाकावर जातं. आम्ही स्वतःला एमआर म्हणतो. लोकांना वाटतं आम्ही औषधं विकतो. औषधं विकतो तो मेडिकलवाला. आम्ही डॉक्टरांना फक्त आठवण करून देतो, की अमुक गोळीचं नाव अमुक आहे आणि ती आमची कंपनी बनवते. त्यासाठी दोन मिनिटं मिळतात. ती मिळेपर्यंत बाक. गळ्यात टाय, मांडीवर बॅग, बॅगेत नमुन्याच्या गोळ्या आणि शेजारी खोकणारा म्हातारा. माणगाव, तळा, म्हसळा, दिघी हा माझा पट्टा. इथल्या कुठल्या दवाखान्यातल्या बाकाचा कुठला पाय डुगडुगतो, ते मी झोपेतही सांगेन.

बाकावर बसून डॉक्टर ओळखता येतो. दार भराभर उघडत-मिटत असेल तर तो आमच्या कामाचा. पेशंट जास्त, चिठ्ठ्या जास्त. दार बराच वेळ उघडलं नाही तर आमची मंडळी घड्याळ बघून पुढच्या गावाला निघतात. दिघीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कौलारू घर आहे, त्याच्या पडवीतलं दार असं होतं. आत गेलेला माणूस लवकर बाहेर यायचाच नाही. आतून कधी कण्हणं ऐकू यायचं, कधी हसणं, कधी एखादा बाप्या हुंदके देऊन रडताना. आम्ही त्या डॉक्टरांना 'चोळणारे डॉक्टर' म्हणायचो.

ते रीतसर एमबीबीएस. मुंबईत मोठ्या इस्पितळात काही वर्षं काढून इथे आलेले. नाडी, रक्तदाब, रिपोर्ट, सगळं नीट बघायचे. मग पेशंटला लाकडी पलंगावर आडवा करायचे, वाटीत खोबरेल कोमट करायचे आणि तळव्याच्या टाचेनं त्याचं पोट, पाठ, पिंढऱ्या चोळायला लागायचे. हात हलका नव्हता. माणूस 'आई गं' म्हणायचा. मग ते विचारायचे, "हे दुखणं नसतं तर आज काय केलं असतंत?"

एवढाच प्रश्न. मला पहिल्यांदा ऐकल्यावर हसू आलं होतं. दुखणं नसतं तर माणूस कामाला गेला असता, दुसरं काय? पण बाकावर बसून बसून माझ्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसांना फार वेळ लागतो.

एक दुकानदार होता. दिघीहून होडीनं पलीकडे आगरदांड्याला निघाला की त्याला उचकी लागायची, ती परत अलीकडे पाय ठेवेपर्यंत थांबायची नाही. आमच्या कंपनीची गोळी घेऊन झाली होती, मीच दिली होती. डॉक्टरांनी चोळता चोळता विचारलं, "पलीकडे कोण आहे?" "मेहुणा," तो म्हणाला. "आणि उचकी लागली की मेहुणा काय म्हणतो?" "काय म्हणणार, पाणी पी म्हणतो." "त्याच्याशी बोलणं होतं?" "उचकीत कसलं बोलणं होतंय, डॉक्टर?" आणि मग तो स्वतःच गप्प झाला. बाहेर आला तेव्हा कुणाकडे न बघता चप्पल घालून निघून गेला. त्याची उचकी थांबली. मेहुण्याशी काय बोलला ते मला माहीत नाही.

हे सगळं जादूटोण्यासारखं वाटू नये म्हणून एक सांगतो, डॉक्टरांनीच मला सांगितलेलं. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईचं पोट ते चोळत राहिले, तिच्या सासूबद्दल ऐकत राहिले, आणि पोटात खरोखरच गाठ होती. "मी तिचं मन ऐकत होतो आणि पोट सांगत होतं ते ऐकलं नाही," ते म्हणाले. तेव्हापासून रिपोर्ट बघितल्याशिवाय तेलाला हात लावायचे नाहीत.

आमच्या कंपनीच्या यादीत ते 'उपयोग नाही' या सदरात होते. मी तरी जायचो. का जायचो, सांगता येत नाही. पहिल्या भेटीत मी चित्रांचा टॅब्लेट उघडून म्हणालो होतो, "सर, आमची नवी कॅप्सूल, ॲसिडिटीवर."

"ॲसिडिटी कुणाला आहे?"

"पेशंटना, सर."

"तुम्हाला नाही?"

होती. रोज सकाळी माझ्याच बॅगेतली कॅप्सूल घेऊन मी घराबाहेर पडायचो. त्यांना कसं कळलं मला ठाऊक नाही. बहुधा मी छातीवरून हात फिरवत होतो.

त्यांनीच मला त्या जर्मन डॉक्टरची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी, व्हिएन्नात मनाचं शास्त्र नुकतं कुठे बाळसं धरत होतं. तेव्हा जर्मनीत गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावात हा डॉक्टर छोटा दवाखाना चालवायचा. चोळणं, गरम पाण्याच्या अंघोळी, पथ्य, हे त्याचे उपाय. मनाच्या शास्त्रातले मोठे लोक मनाच्या आजारांबद्दल बोलत होते. हा म्हणाला, बसलेला घसा, धडधडणारं काळीज, फुटलेली कातडी, इथेही तेच बोलतंय. त्या लोकांच्या सभेत उठून त्यानं सरळ सांगितलं, की मी तुमच्या शिस्तीतला नाही, मी रानटी आहे. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण त्यांच्या मुख्य गुरूनं त्याचा एक शब्द मात्र उचलला. तो शब्द अगदी साधा होता: 'ते'.

"आपण समजतो, आपण जगतो," डॉक्टर म्हणाले. "त्याचं म्हणणं, आपल्यात 'ते' आहे आणि ते आपल्याला जगवतं. नाक तेच बनवतं, हात तेच बनवतं, आणि आजारही कधीकधी तेच बनवतं. काहीतरी सांगायला." मग हसून म्हणाले, "शेवटी शेवटी गडी फार पुढे गेला. मोडलेल्या हाडातही त्याला हेतू दिसायचा. तेवढं मी मानत नाही. हाड पडल्यानंच मोडतं."

त्या जर्मनाचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. मला ते सगळं ऐकायला छान वाटलं, एवढंच. बाकावरची करमणूक. मग ताईचा हात गेला.

ताई माझी थोरली बहीण. तळा गावाच्या खालच्या अंगाला आमचं गाव, ताईचं सासर म्हसळ्याकडे. भावोजी कंपनीत पाळ्या करतात. ताई बचत गटाची अध्यक्ष आहे. बँकेच्या साहेबानं गटाला उगाच हेलपाटे घालायला लावले तर त्याच्या टेबलासमोर उभी राहून "न्हाय, आजच पायजे" म्हणणारी बाई. तिची सही सुरेख. शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण अक्षर मोत्यासारखं.

गावात आमचं भातशेत आहे. आईवडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. मी माणगावात, ती सासरी, शेत शेजाऱ्याला अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या पिकावर, दिलेलं. मग बंदर, रस्ते, कारखाने असं बोलणं सुरू झालं आणि गाड्या घेऊन माणसं जमिनी बघायला येऊ लागली. आमच्या शेतालाही गिऱ्हाईक आलं. त्याची एकच अट होती, खातेदार एकच असावा. म्हणजे ताईनं हक्कसोड करून द्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कायद्यानं मुलीला बापाच्या जमिनीत बरोबरीचा हिस्सा आहे. आणि आपल्याकडची रीत अशी की बहिणीनं तो भावाला सोडून द्यायचा, निबंधकाच्या कचेरीत सही करून. जिनं हिस्सा मागितला तिचं माहेर तुटलं, असं सगळे म्हणतात. भाऊ तोंडानं म्हणत नाही, त्याला म्हणावंच लागत नाही.

मी ताईला हे भाऊबिजेला विचारलं. तिनं ओवाळलं होतं, मी ताटात साडी घातली होती, आणि ती मला दुसऱ्यांदा वरण वाढत होती. मी म्हणालो, "ताई, एका कागदावर सही लागेल तुझी."

"करीन की," ती म्हणाली. "मला काय करायची हाय जमीन? भात घे."

ती जराही थांबली नाही. मी निर्धास्त झालो. तिनं थांबायला हवं होतं, असं तेव्हा माझ्या मनातही आलं होतं. पण आलं तसं मी ते जाऊ दिलं.

कचेरीत आमचा नंबर लागला, फोटो झाला. कारकुनानं कागद पुढे सरकवला. ताईनं पेन घेतलं आणि तिच्या उजव्या हाताची बोटं आतल्या आत वळली. अंगठा मुठीत गेला. पेन टेबलावर पडलं. ती स्वतःच आपल्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी.

"मुंग्या आल्या वाटतं," ती म्हणाली. "थांब, आता हुईल."

झालं नाही. मी तिची मूठ सोडवली, बोटांत पेन बसवलं, आणि शाळेत पोराला अक्षर गिरवायला लावतात तसा वरून माझा हात दाबला. "बाबू, दुखतंय," ती म्हणाली. मी म्हणालो, "जरा सोस, चार सह्या आहेत फक्त." माझ्या हाताखाली तिचा हात दगडासारखा होता. माझ्या हाताला तो स्पर्श अजून आठवतो.

कारकून शहाणा माणूस निघाला. त्यानं कागद मागे ओढला. मी म्हणालो, अंगठा घ्या. तो म्हणाला, "पॅनकार्डावर एवढी चांगली सही, आणि इथं अंगठा? उद्या कुणी म्हणालं जबरदस्ती झाली, तर उत्तर मी देऊ? हात चालत नाही म्हणून डॉक्टरचा दाखला आणा." बाहेर गिऱ्हाईक गाडीत बसून होतं. त्याला मी सांगितलं, "थोडी तब्येतीची अडचण आहे."

घरी गेल्यावरही हात उघडला नाही. भाकरी डाव्या हातानं, केस डाव्या हातानं. बचत गटाच्या कागदांवर दुसऱ्याच बाईची सही. मग मी जे केलं ते फक्त एमआरच करू शकतो. बॅगेतल्या नमुन्याच्या शिरांच्या गोळ्या, ताकदीच्या गोळ्या, दुखण्याचं मलम, सगळं पिशवी भरून ताईला नेऊन दिलं. डॉक्टरला विचारलंच नाही. इतकी वर्षं मी डॉक्टरांना सांगत आलो होतो की ही गोळी गुणकारी आहे, मग मला कशाला कुणाला विचारायचं? ताईनं गोळ्या निमूटपणे खाल्ल्या, मलम लावलं. हात होता तसाच. पनवेलला नेऊन शिरांची तपासणी केली, मानेचा फोटो काढला. सगळं ठीक. ओळखीच्या डॉक्टरांकडे दाखला मागितला. ते म्हणाले, रिपोर्ट साफ आहेत, लिहू काय? त्यातलेच एक म्हणाले, "त्या चोळणाऱ्याकडे ने. त्याला असलं आवडतं."

मी नेलं ते दाखल्यासाठी. हे मला नीट लिहायला हवं. हातासाठी नेलं नाही.

"सर, एक दाखला हवा होता," मी दारातूनच म्हणालो.

"कसला?"

"ताईचा हात चालत नाही, असा."

"आणि तो चालायला कशासाठी हवाय?"

मी सगळं सांगितलं. ताई शेजारी मान खाली घालून. त्यांनी रिपोर्ट बघितले, टाचणी टोचून बघितली, कोपरावर हातोडी मारली. मग तेल कोमट केलं आणि तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळायला लागले. बोलले काहीच नाहीत. निघताना ताईला पुढे पाठवून मला पडवीत थांबवलं.

"शिरा शाबूत आहेत. हात खोटं बोलत नाहीये. आणि तुमची ताईही खोटं बोलत नाहीये. दोघं वेगवेगळं बोलताहेत, एवढंच."

"म्हणजे मनातून तिला सही करायची नाही?"

"ते तिला ठाऊक नाही. तिला विचारलंत तर ती देवाशपथ सांगेल की करायची आहे, आणि ते खरं असेल. 'हो' म्हटलं तर जमीन जाते, 'नाही' म्हटलं तर भाऊ जातो. तिला दोन्ही नकोत. मग त्या हातानं तिसरी वाट काढली." त्यांनी तेलाचे हात पुसले. "अशी वाट तुम्हाला-मला बसून विचार करून सुचली नसती."

मला राग आला होता. पण त्या रागाच्या खाली दुसरंही काही होतं, ज्याला मला तेव्हा नाव देता आलं नाही. देवळात गाभाऱ्यात वाकून शिरताना होतं तसं काहीतरी. माझी बहीण, जिला मी जन्मापासून ओळखतो, तिच्या आत कुणीतरी होतं जे तिच्या नकळत माझ्याशी लढत होतं आणि त्याच वेळी मला सांभाळत होतं. हाताला कसं कळलं असेल? हाताला तर वाचताही येत नाही.

"तिला यातलं काही सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "सांगितलंत तर ती तुमच्यासाठी हात सरळ करायला धडपडेल. आणि तो बिचारा आणखी घट्ट होईल."

दाखला दिला नाही. मी परत न्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात ताईचाच फोन. "बाबू, जाऊया ना रे तिथं. मला बरं वाटलं. माझा हात आजवर कुणी चोळून दिला न्हाय."

मग दर आठवड्याला मी तिला घेऊन जायला लागलो. मी सवयीनं बाकावर बसायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "आत या. दोन मिनिटांपेक्षा जास्त ऐकायची सवय करा." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. ताई आधी बचत गटाचं बोलायची, मग डाव्या हातानं थापलेल्या भाकरीचं. "नकाशासारखी हुते, डॉक्टर. आमचे हे म्हणतात, आज कुठला देश?" मग केव्हातरी शेताचं निघालं. मी माणगावला वसतिगृहात शिकायला होतो त्या वर्षांचं. बांध फुटला तेव्हा ती आणि आई चिखलात उभ्या राहून हातानं माती लावत होत्या, ते मला पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा वसतिगृहात जेवण चांगलं नाही म्हणून रडकं पत्र लिहिलं असणार.

आणि मग ती चिंबोऱ्यांचं सांगायला लागली. बांधाच्या बिळात हात घालून ती हे खेकडे धरायची. "एकदा तर डॉक्टर, एवढी गावली," ती म्हणाली, आणि दाखवायला तिनं हात वर केला. उजवा. पाचही बोटं फाकलेली.

डॉक्टरांनी तिचा दंड चोळणं थांबवलं नाही, फक्त माझ्याकडे एकदा बघितलं.  उघडा हात, तेलानं चकाकणारा, हवेत चिंबोरीचा आकार धरून. ताईला पत्ताच नाही. ती पुढे सांगत होती, आईनं कालवण कसं केलं ते. मग तिचं लक्ष गेलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि आमच्या डोळ्यांदेखत बोटं एकेक करून मिटली, संध्याकाळी पान मिटतं तशी.

माझ्या धंद्यात मी औषधांच्या चमत्कारांची भाषणं पाठ म्हणत आलो. चमत्कार बघितला तो एवढाच.

त्यानंतर डॉक्टर मला म्हणाले, "आता विचारा."

"काय?"

"भाऊबिजेला जे विचारलंत ते."

मी विचारलं. "ताई, हक्कसोडीवर सही करशील?"

"करीन की. हात बरा होऊं दे, लगेच करीन." मूठ आवळलेली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच उत्तर. डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, बँकेचा साहेब वेडंवाकडं बोलला तर काय म्हणता?"

"न्हाय म्हणते."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं कशाला? एकदा म्हटलं की पुरतं."

"मग इथे का नाही?"

"बँकेचा साहेब माझा भाऊ हाय काय?" ती म्हणाली, आणि स्वतःच्या बोलण्यानं दचकली.

वेगळं उत्तर आलं त्या दिवशी उकाडा होता, पावसाळा तोंडावर आला होता. मी कंटाळलो होतो. गिऱ्हाईकाचे फोन कमी होत चालले होते. मी माझ्या कामाच्या आवाजात, ज्या आवाजात कॅप्सूलचं सांगतो त्याच आवाजात विचारलं, "ताई, सही करशील ना?"

ती वरती कौलांकडे बघत होती. म्हणाली, "न्हाय रे बाबू. न्हाय करायची मला."

 मग ताई धडपडून उठून बसली. तोंडावर पदर धरला. माझ्याकडे असं बघितलं, जणू तिनं मला कानाखाली मारली होती. "चुकून बोलले रे. तू मनावर घेऊं नको. करीन मी. आण कागद, करते." आणि मग हळूच, मी ऐकावं की ऐकू नये अशा आवाजात: "आता घरी यायचं की न्हाय मी?"

माझा धंदा बोलण्याचा. कुठल्याही डॉक्टरच्या कुठल्याही आक्षेपाला माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर असतं.  मी डॉक्टरांकडे बघितलं, ते वाटीतलं तेल पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "गणपतीला आदल्या दिवशीच ये. तुझ्या वहिनीला एकटीला उरकत नाही."

ताई रडली. बराच वेळ. मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. उठून जवळ जायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

हात एका दिवसात उघडला नाही, हेही सांगायला हवं. त्या पावसाळ्यात ताईनं शेजाऱ्याकडून शेत सोडवून घेतलं आणि स्वतः लावणीला उतरली. भाताचं रोप चिखलात खोवताना ते ज्या तीन बोटांत धरतात, पेनही त्याच बोटांत धरतात. आधी डाव्या हातानं लावायला लागली, मग केव्हातरी उजव्या. गणपतीला आली तेव्हा तिनं बचत गटाचा कागद उघडून सही करून दाखवली. थोडी वाकडी होती.

गिऱ्हाईकानं शेजारची जमीन घेतली. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे. बायको मला एवढंच म्हणाली, "तुम्ही मोठेपणा केलात, पण मला एका शब्दानं विचारलंत?" तिचं बरोबर होतं. पनवेलला घर घ्यायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. लोक मला म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी नम्रपणे हसायचो. आणि गणपती गेले तशी माझी पाठ धरली.

आधी वाटलं, मोटारसायकल. मग बॅग. मग मलम, पट्टा, सगळं माझ्याच कंपनीचं. शेवटी मी स्वतः त्या लाकडी पलंगावर पालथा पडलो. डॉक्टरांचा हात केवढा जड आहे ते तेव्हा कळलं.

"हे दुखणं नसतं तर काय केलं असतंत?"

मी म्हणालो, कामावर गेलो असतो. ते चोळत राहिले. मी म्हणालो, शेतावर गेलो असतो, ताईला मदत करायला. "मग का जात नाही?" मी म्हणालो, पाठ दुखते ना. आणि मला उचकीवाला दुकानदार आठवला.  तोंड उशीत असतानाच माझ्या तोंडून निघालं: "मला ते पैसे हवे होते, सर."

"होते?"

"हवे आहेत."

त्यांचा हात माझ्या पाठीवर तसाच होता. मला वाटलं आता पाठ मोकळी होईल, ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "मला काय सांगता? मी कुठे तुमची जमीन अडवलीय?"

मी तिथून परस्पर शेतावर गेलो. भात पिवळं झालं होतं. ताई बांधावर उकिडवी बसून विळ्याला धार लावत होती, उजव्या हातानं. मी तिच्या शेजारी बसलो. बसताना कळ आली.

"ताई, एक सांगायचंय. मला ते पैसे हवे होते. अजून हवेत."

तिचा विळा थांबला नाही. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"राग नाही आला?"

"आला व्हता की. अजून हाय थोडा." तिनं विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. "मला पन ही जमीन हवी व्हती. मी तरी कुठं बोलले?"

आम्ही दोघं शेताकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना 'मला हवं' असं कधी म्हणालो नव्हतो. आमच्या घरात ती रीतच नव्हती. ती म्हणायची 'मला काय करायचंय', मी म्हणायचो 'तुझी मर्जी', आणि त्यालाच आम्ही माया म्हणत होतो.

"उद्या कापणीला ये," ताई म्हणाली. "माणसं मिळत न्हाईत."

"माझी पाठ दुखतेय, ताई."

"दुखूं दे," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत ये."